चिखलातला जंतू थेट मेंदूत: भात लावणारे आणि शुगरवाले, वाचाच

गारगोटीकर:
आमच्या मामांना मेलिऑइडोसिस झाला आणि तो मेंदूत गेला. हे नाव घरात कुणीच ऐकलेलं नव्हतं. पाऊस लागला की आपला सगळा भुदरगड, आजरा, राधानगरी, गगनबावडा गुडघाभर चिखलात उतरतो, त्यामुळं ही माहिती आपल्या लोकांपर्यंत गेलीच पाहिजे, म्हणून लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

मामा पन्नाशी ओलांडलेले, शुगर बऱ्याच वर्षांची, गोळी आठवली तर घ्यायची असा कारभार. रोपलागणीत पायाला चिखल्या झालेल्या, बोटांच्या बेचक्यातलं कातडं पांढरं पडून फाटलेलं, त्यावर रात्री हळद-तेल लावायचं आणि सकाळी परत वाफ्यात. भाताची लागण उरकली आणि ताप सुरू झाला. पावसाळ्यात ताप म्हटल्यावर कोण एवढं मनावर घेतंय, मलेरिया डेंग्यू टायफॉइड सगळं तपासून झालं, नेहमीचं इंजेक्शन सलाईनमधून चालू, ताप उतरायचा परत चढायचा. मग डोकं दुखायला लागलं, तोंड एका बाजूला ओढायला लागलं, आणि एका सकाळी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, बोटं नुसती काज्यावरनं घसरायला लागली. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ आणि तिच्याभोवती गोल चमकणारी रिंग. आपल्याकडं अशी रिंग दिसली की पहिलं नाव टीबीचं येतं आणि त्यात गैर काही नाही, मेंदूचा टीबी आपल्याकडं खरंच भरपूर आहे. पण एका दवाखान्यात (नाव घेत नाही) कुठलंही सॅम्पल न काढता टीबीचा कोर्स आणि स्टेरॉइड दोन्ही सुरू केलं. स्टेरॉइडनं सूज उतरली, थोडं बरं वाटलं, आणि त्यानंतर मामा हाक मारली तरी ओ देईनात.

दुसऱ्या ठिकाणी हलवल्यावर तिथल्या न्यूरोसर्जननी गाठीतला पू काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) लावला. तिथं कळलं, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणारा जंतू. उन्हाळ्यात जमीन तापते तेव्हा तो खाली खोल असतो, पाऊस पडून पाण्याची पातळी वर आली की वर येतो. पायाच्या जखमेतनं शिरतो, वादळी पावसात श्वासातनं जातो, गढूळ पाणी पिऊनही जातो. बहुतेक वेळा फुफ्फुस, यकृत, प्लीहा, सांधे असं कुठंतरी पू करतो. मेंदूत जाणं दुर्मिळ, शंभरात चार-पाच जणांना, पण गेला की वेळ फार कमी असतो.

१९११ साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोन डॉक्टरांनी हा रोग पहिल्यांदा ओळखला. थायलंडच्या ईशान्य भागात आणि उत्तर ऑस्ट्रेलियात तिथले साधे डॉक्टरसुद्धा पावसाळ्यात याचा विचार करतात. आपल्याकडं १९९१ मध्ये मुंबईतल्या एका मुलाची केस छापून आली, आणि उडुपी-मणिपालच्या पट्ट्यातनं तर पुढं कितीतरी केसेस नोंदल्या गेल्या. उडुपी आपल्यापासनं किती लांब आहे? तीच माती, तोच पाऊस, तेच भात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज काढला की जगात वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा होत असावा आणि त्यातले ८९ हजार दगावत असावेत, आणि सगळ्यात मोठा वाटा दक्षिण आशियाचा. म्हणजे रोग आपल्यात आहे, नुसता ओळखला जात नाही.

माझं सांगणं एवढंच. शुगर असलेल्या माणसाला पावसाळ्यात ताप आला आणि तो चिखलात काम करत असेल तर हे डॉक्टरांना तोंडानं सांगा, ते विचारतील म्हणून वाट बघू नका. आणि अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी कल्चर लावा म्हणून आग्रह धरा.

रंकाळा_वॉकर:
वाचून अंगावर काटा आला. मामा आता कसे आहेत?

गारगोटीकर:
चालतात, काठी लागते. तोंडाचा वाकडेपणा थोडा राहिलाय. बोलणं बऱ्यापैकी साफ झालं.

शिरोळचा_शेतकरी:
दादा राग मानू नका पण लोकांना घाबरवायचं कशाला. आमच्या आज्ज्यापणज्यांनी सगळा जन्म चिखलात काढला, पायात पायताण सुद्धा नसायचं, कुणाच्या मेंदूत जंतू गेला नाही. असलं वाचून पोरं शेतात उतरायची बंद होतील, आधीच कोण उतरत नाही.

गारगोटीकर:
राग कसला काका, प्रश्न बरोबरच आहे. धडधाकट माणसाच्या अंगात हा जंतू गेला तरी बहुतेकदा काहीच होत नाही, थायलंडच्या खेड्यांत लहान पोरांच्या सुद्धा रक्तात त्याच्या अँटिबॉडी सापडतात आणि पोरं उड्या मारत असतात. गाठतो तो शुगरवाल्याला, किडनी खराब असणाऱ्याला, रोज दारू पिणाऱ्याला, स्टेरॉइडवर असणाऱ्याला. नुसती शुगर असली तरी धोका सुमारे १२ पट होतो. आपल्या पणज्याला शुगर नव्हती. आज आमच्या गल्लीत घर मोजून बघा, कुठल्या घरात शुगरची गोळी नाही ते सांगा. आणि पणज्याच्या काळात कुणी तापानं गेलं तर तो कशानं गेला हे कुणाला कळत होतं?

शिरोळचा_शेतकरी:
हे पटलं. आमच्या घरात तिघांना शुगर हाय.

मायक्रोताई:
मी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला आहे, कल्चरच्या बाजूनं लिहिते कारण खरी गडबड तिथं होते.

आमच्याकडं पू येतो तेव्हा सोबतच्या कागदावर नुसतं "पस, कल्चर" एवढंच असतं. पेशंट शेतकरी आहे, शुगर आहे, भात लावून आलाय, काही नाही. दुसऱ्या दिवशी प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीवर) बारीक मळकट पांढऱ्या वसाहती, म्हणजे जंतूंचे ठिपके, येतात, गुळगुळीत, कुठल्याही साध्या जंतूसारख्या. स्लाइडवर गुलाबी काड्या, दोन्ही टोकं गडद आणि मधे फिकट, पुस्तकात याला सेफ्टी पिन म्हणतात पण दरवेळी तसं छान दिसत नाही. ऑक्सिडेज नावाच्या चाचणीचा कागद जांभळा होतो. आता घाईत असलेला माणूस रिपोर्टवर "स्यूडोमोनास" (नेहमी सापडणारा दुसराच जंतू) लिहून मोकळा होतो, नाहीतर वरनं पडलेला जंतू म्हणून प्लेट टाकून देतो. तीच प्लेट अजून तीन-चार दिवस ठेवली असती तर त्या वसाहती कोरड्या होऊन त्यांना सुरकुत्या पडल्या असत्या आणि शंका आली असती.

ओळखायची एक सोपी खूण आहे आणि ती कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये दिसते, त्याला महागडं मशीन लागत नाही. कुठलं औषध लागू पडतं ते बघायला प्लेटवर अँटिबायोटिकच्या चकत्या लावल्या की जेंटामायसिन आणि कोलिस्टिनच्या चकतीला अगदी चिकटून जंतू वाढलेला असतो, आणि को-अमॉक्सिक्लॅवच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल रिकामा. नेहमीच्या स्यूडोमोनासचं बरोबर उलटं असतं, त्याला को-अमॉक्सिक्लॅव काही करत नाही. हा उलटा नमुना दिसला की हात थांबला पाहिजे आणि डॉक्टरांना फोन गेला पाहिजे.

आणि लॅबमधल्या भावाबहिणींनो, प्लेट उघडून वास घेऊन जंतू ओळखायची जुनी सवय असेल तर ती सोडा. हा श्वासातनं जातो. शंका आली की प्लेट सेफ्टी कॅबिनेटमध्येच (हवा गाळणाऱ्या पेटीत) हाताळायची.

गारगोटीकर:
ताई, मामांना सुरुवातीला दिलेलं इंजेक्शन सेफ्ट्रायॅक्सोन होतं. ते का लागू पडलं नाही?

मायक्रोताई:
ते बाकी बऱ्याच तापांना चांगलं आहे, मेंदूज्वराला पण पहिलं तेच देतात. या जंतूवर मात्र त्याच्या भरवशावर राहता येत नाही. याला सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम लागतं. नावं सारखी वाटतात, फरक जीव जाण्या-राहण्याचा आहे. म्हणून तर नाव कळणं महत्त्वाचं.

लाल_माती:
एक विचारतो. मी तालमीत असतो, आमची माती तांबडी, ताक तेल हळद लिंबू घालून मळलेली, पावसाळ्यात ओली राहते. अंगाला खरचटणं तर रोजचंच. वस्ताद साठीचे आहेत, त्यांना शुगर आहे आणि अजून पोरांना डाव दाखवायला मातीत उतरतात. काय काळजी घ्यावी?

मायक्रोताई:
या जंतूचं नेहमीचं घर म्हणजे भाताचं वाफं, ओढ्याकाठची ओली जमीन, साचलेलं पाणी. कुस्ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण उघडी जखम घेऊन मातीत उतरायचं नाही हा नियम तालमीत असलाच पाहिजे, त्यानं धनुर्वातापासनं सगळ्यालाच आळा बसतो. वस्तादांच्या पायाला जखम असेल तर ती भरेपर्यंत त्यांनी कडेला बसून शिकवावं, पोरं ऐकतात वस्तादांचं. कुस्ती झाली की साबणानं आंघोळ, खरचटलेलं धुवून झाकायचं. शुगर आटोक्यात ठेवली तर निम्मं काम तिथंच झालं.

लाल_माती:
सांगतो वस्तादांना. माझं ऐकत नाहीत, तुमचा मेसेज वाचून दाखवतो.

उचगावकर:
मी पण लिहू का. आमच्या दिरांची केस वेगळ्या जंतूची आहे पण गोष्ट तीच. किडनी बदललेली, स्टेरॉइड आणि किडनी टिकवायच्या गोळ्या चालू. खोकला झाला, एक्सरेत डाग, टीबी म्हणून सुरुवात केली. मी रोज डबा घेऊन जातो तर भाऊजी म्हणायचे वैनी डोळ्यासमोर अंधारी येते, आणि एका रात्री फिट आली. मेंदूत तीन गाठी निघाल्या. शेवटी फुफ्फुसात दुर्बीण घालून पाणी काढलं त्यात नोकार्डिया नावाचा जंतू मिळाला. तो पण मातीतलाच, धुळीतनं श्वासात जातो म्हणे. जनावरांच्या शेडची साफसफाई भाऊजी स्वतः करायचे, वाळलेलं शेण, भुस्सा, सगळी धूळ. बदललेल्या किडनीच्या माणसानं हे करू नये असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं बघा.

मायक्रोताई:
वैनी, फार बरं केलंत लिहिलंत. नोकार्डिया म्हणजे एडमंड नोकार या फ्रेंच जनावरांच्या डॉक्टरनं १८८८ मध्ये गुरांच्या रोगात शोधलेला जंतू. अनवाणी शेतकऱ्याच्या पायाला सूज येऊन भोकाभोकातनं दाणेदार पू येतो तो मदुरा फूट, त्यातला काही भाग याच्याच भाईबंदांचा. फुफ्फुसातनं मेंदूत जायची त्याला खोडच आहे, त्यामुळं फुफ्फुसात नोकार्डिया सापडला की डोकं दुखत नसलं तरी मेंदूचा स्कॅन करतात.

लॅबमध्ये याची अडचण वेगळी. हा हळू वाढतो. साधं कल्चर आम्ही दोन दिवसांनी बंद करतो आणि "वाढ नाही" असा रिपोर्ट जातो. नोकार्डियाची शंका कागदावर लिहिली असेल तर प्लेट दोन-तीन आठवडे ठेवतो. स्लाइडवर बारीक फांद्या फुटलेले धागे दिसतात. टीबी ओळखायच्या रंगात ते थोडेफार लाल राहतात म्हणून टीबी वाटतो, पण टीबीसाठी वापरतो ते तीव्र ॲसिड लावलं तर रंग उडतो, एक टक्क्याचं सौम्य लावलं तर टिकतो. एवढ्या एका पायरीवर पेशंटचं वर्ष वाचतं.

उचगावकर:
हो, सेप्ट्रानच्या गोळ्या वर्षभराच्या वर चालू राहिल्या. सुरुवातीला इंजेक्शनं पण होती. भाऊजी आता ड्युटीवर जातात. शेडमध्ये पाय ठेवू देत नाही मी.

पंचगंगा_काठ:
केरळात ते मेंदू खाणारं प्रकरण चाललंय बातम्यांत, ते हेच का? घरातली पोरं रोज विहिरीत पोहायला जातात, आई जाम घाबरलीय.

गारगोटीकर:
नाही, ते वेगळं. मेंदू खाणारा म्हणतात तो अमिबा, नेग्लेरिया, जंतूपेक्षा मोठा जीव. कोमट गोड्या पाण्यात असतो आणि फक्त नाकातनं वर जातो, पाणी पोटात गेलं तर त्याचा त्रास होत नाही. औषधंही वेगळी. विहिरीत पोहायचंच असेल तर नाकाला क्लिप लावा, सूर मारू नका, तळाचा गाळ ढवळू नका. नाकाचं म्हणाल तर, ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलंय की मेलिऑइडोसिसचा जंतू पण वास घेणाऱ्या नसेतनं सरळ मेंदूत जाऊ शकतो, रक्तात उतरायची पण गरज पडत नाही. म्हणून पॉवर टिलर मारताना चिखल तोंडावर उडतो तेव्हा नाकातोंडावर टॉवेल बांधलेला बरा.

शिरोळचा_शेतकरी:
आणि पुराचं काय? २०१९ ला आणि २०२१ ला आमची घरं पाण्यात होती. पाणी उतरल्यावर चार बोटं गाळ घरभर, तो आम्ही उघड्या हातानं उपसला, पायात स्लीपर.

मायक्रोताई:
काका, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल नावाचं गाव आहे, तिथं २०१९ च्या फेब्रुवारीत मोठा पूर आला आणि पाठोपाठ मेलिऑइडोसिसच्या केसेस वाढल्या. २०२५ च्या सुरुवातीला त्याच क्वीन्सलँड प्रांतात परत तसंच झालं, त्यात बरेच जण दगावले. ताप साधारण १ ते २१ दिवसांत येतो, म्हणजे पूर ओसरून लोक घर आवरायला लागतात तेव्हा. क्वचित जंतू अंगात गप पडून राहतो आणि कित्येक वर्षांनंतर उठतो. आपल्याकडं पुरानंतर लेप्टोच्या (उंदराच्या लघवीतनं पसरणाऱ्या तापाच्या) गोळ्या वाटतात, चांगली गोष्ट आहे, पण त्या गोळीच्या भरवशावर यातनं सुटता येत नाही. गाळ उपसताना गमबूट, रबरी हातमोजे, आणि शुगरवाल्या माणसानं गाळात उतरायचंच नाही, त्यानं कोरड्यावरनं सामान पुसावं. क्लोरीन घातलेलं किंवा उकळलेलं पाणी प्यायचं.

चंदगडी:
ताई गमबूट सांगायला सोपं आहे. वाफ्यात पाय घातला की बूट तिथंच रुततो आणि पाय मोकळा वर येतो. बायका रोपं लावतात त्यांना तर चालताच येत नाही बुटात. ज्यानं चिखल तुडवलाय त्यालाच कळतं.

गारगोटीकर:
खरं आहे भावा, आमच्याकडं पण आणले आणि बांधावर पडून राहिले. मग आम्ही काम वाटून घेतलं. मामांना आता वाफ्यात उतरू देत नाही, ते तरवा उपटून आणलेल्या पेंढ्या बांधावर बसून सोडतात, तेही हातमोजे घालून. आईला शुगर आहे, ती उतरते, पण पायाला भेग किंवा चिखल्या दिसल्या की त्या दिवशी सुट्टी, शेजारणीला पैरा करून बोलवायचं. घरी आलं की पाय साबणानं धुवून, बेचक्या कोरड्या करून, भेगेत मलम. आधी हे कुणी करत नव्हतं, आता आईच दुसऱ्या बायकांना ओरडते.

रंकाळा_वॉकर:
घरात एकाला झाला तर दुसऱ्याला लागतो का? आणि लस?

मायक्रोताई:
माणसाकडनं माणसाला जवळजवळ नाहीच. पेशंटला वेगळं ताट, वेगळी खोली असलं काही करू नका, आधीच माणूस खचलेला असतो. लस नाही. शेळ्यामेंढ्यांना होतो, त्यामुळं पू धरलेली शेळी स्वतः कापू नका, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

अजून एक. २०२१ मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चार जणांना हा रोग झाला, कुणीही परदेशात गेलेलं नव्हतं, दोघं दगावले. शोधत शोधत गेले तर घरात मारायच्या सुगंधी स्प्रेच्या बाटलीत जंतू सापडला, आणि तो स्प्रे भारतात बनलेला होता. तिकडं चार पेशंट झाले तर बाटलीपर्यंत पोचले. आपल्याकडं चार पेशंट चार तालुक्यांत टीबी म्हणून औषध खात असतील तर कोण पोचणार? म्हणून मला हे चकत्यांचं प्रकरण एवढं जिव्हाळ्याचं वाटतं.

पंचगंगा_काठ:
औषध किती दिवस चालतं? खर्च झेपतो का सामान्य माणसाला?

गारगोटीकर:
मेंदूत गेला असेल तर शिरेतनं इंजेक्शन कमीत कमी ८ आठवडे, दिवसातनं तीनदा. त्यानंतर सेप्ट्रानच्या गोळ्या जास्त डोसमध्ये ६ महिने. अर्धवट सोडलं तर परत उलटतो. खर्च मोठा आहे, खोटं कशाला सांगू, म्हैस विकली. जेनेरिक मेरोपेनेम घेतल्यावर बिलात बराच फरक पडला, डॉक्टरांना तोंड उघडून विचारा, ते लिहून देतात. सेप्ट्रान स्वस्त आहे पण त्यात रक्त, किडनी, पोटॅशियम तपासत राहावं लागतं, अंगावर पुरळ आलं तर लगेच फोन. आणि आशा सोडू नका. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात १९८९ पासनं प्रत्येक पेशंटची नोंद ठेवतात, सुरुवातीला तिथं शंभरातले तीसएक जण दगावत होते, आता दहाच्या आत आलेत. औषधं बरीचशी तीच आहेत, ओळख लवकर होते आणि आयसीयू चांगलं मिळतं म्हणून.

चंदगडी:
दादा, ताई, खरं सांगू का, मी हा धागा उगाच वाचत नाही. वडलांना रविवारपासनं ताप आहे. शुगर आहे. गेल्या आठवड्यात भाताची लागण केली, पायाच्या अंगठ्याला खुरपं लागलेलं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, उतार नाही. डोकं दुखतंय म्हणाले आज. उद्या कोल्हापूरला घेऊन निघतोय. तिथं नेमकं काय सांगू?

गारगोटीकर:
उद्याची वाट बघू नका भावा, डोकं दुखतंय म्हणजे आजच निघा, गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. कागदावर लिहून घ्या म्हणजे गडबडीत विसरणार नाही: शुगर किती वर्षं, चिखलात कधी उतरले, अंगठ्याची जखम कधीची, ताप कधीपासनं, कुठल्या गोळ्या झाल्या, डोकं कधीपासनं दुखतंय. मेलिऑइडोसिस असू शकतो का असं सरळ विचारा, नाव उच्चारता येत नसेल तर हा धागा दाखवा. चांगला डॉक्टर राग मानत नाही.

मायक्रोताई:
इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चरच्या दोन बाटल्या घ्यायला सांगा. सोबत लघवी, घशाचा स्वॅब, आणि अंगठ्यातनं पू येत असेल तर तो पण. पण वडील गुंगीत असतील किंवा बीपी खाली असेल तर सॅम्पलपायी इंजेक्शन अडवून धरू नका, बाटल्या भरायला पाच मिनिटं लागतात, तेवढीच. लॅबच्या कागदावर "शुगर, भातशेती, मेलिऑइडोसिसची शंका" हे शब्द लिहूनच पाठवा. आणि कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो समजू नका, एका वेळच्या कल्चरमध्ये दहातले चार सुटतात, ताप राहिला तर परत लावायला सांगा. लेप्टो, डेंग्यू तर तपासतीलच, ते पण होऊ द्या.

चंदगडी:
शेजारची गाडी मिळाली. निघतोय.

मायक्रोताई:
पोचल्यावर मेसेज करा. रिपोर्ट हातात आला की फोटो मला खासगीत पाठवा, वडलांचं नाव झाकून, आणि जेंटामायसिन आणि को-अमॉक्सिक्लॅवच्या ओळी नीट दिसतील असा काढा.